वहीतल्या नोंदी पुरावा का नाहीत? मूल्यांकन समितीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
विशेष शिक्षण मूल्यांकन समिती

स. न. वि. वि.

आपलं परिपत्रक हाती आलं तेव्हा शाळा सुटली होती आणि वर्गात मी एकटीच होते. प्रगतीचा पुरावा म्हणून यापुढे फक्त वार्षिक प्रमाणित चाचणीचे (सगळ्या मुलांना एकाच ठरलेल्या पद्धतीने घेतलेल्या चाचणीचे) गुणच ग्राह्य धरले जातील, शिक्षकांच्या वर्गनोंदी, निरीक्षणं, कामाचे नमुने इत्यादी अनौपचारिक साहित्य अहवालाला जोडू नये, असं त्यात म्हटलंय. त्या ‘इत्यादी’त माझी एकवीस वर्षं गेली. पुढच्याच ओळीत आणखी एक गोष्ट आहे, आणि ती इतक्या सहजपणे लिहिली आहे की पटकन नजरेतून सुटते. पुढच्या वर्षी कोणत्या मुलाला विशेष शिक्षकाचे आणि थेरपीचे किती तास मिळणार, तेही याच गुणांवर ठरणार आहे.

मी दोनदा निवेदन दिलं. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते. शिवाय ज्या पालकांच्या मुलांचे तास यात कापले जाऊ शकतात, त्यांच्यापैकी बहुतेकांना असा काही निर्णय झालाय हेच माहीत नाही.

आधीच सांगून टाकते, मी चाचण्यांच्या विरोधात नाही. निदान करायला, मुलाला कोणत्या सोयी मिळायला हव्यात हे ठरवायला प्रमाणित चाचणी लागते. चांगला मानसशास्त्रज्ञ ती नीट घेतो आणि तिच्या मर्यादाही अहवालात लिहितो. माझं भांडण ‘फक्त’ या एका शब्दाशी आहे.

एक प्रसंग सांगते.

मुलगी नऊ वर्षांची. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर ताबा राहत नाही. बोलत नाही, हात हलतात पण तिला हवे तिथे जात नाहीत. शब्दसंग्रहाच्या चाचणीत तिच्यासमोर एका पानावर चार चित्रं ठेवली होती, दोन वर, दोन खाली. सांगितलेलं चित्र बोटाने दाखवायचं. परीक्षक अनुभवी होते, मायेने बोलत होते आणि नियम त्यांनी तंतोतंत पाळले. गोची तिथेच झाली. प्रत्येक मुलासाठी तीच मांडणी, तेच शब्द, तेवढाच वेळ, हा प्रमाणित चाचणीचा प्राणच आहे. तिचं कोपर खुर्चीच्या हाताला अडत होतं आणि हात दर वेळी डाव्या बाजूच्या खालच्या चित्रावर जाऊन पडत होता. वीसपैकी पाच गुण आले. चार चित्रांत डोळे मिटून बोट ठेवलं तरी सरासरी पाचच येतात! अहवालात मात्र ‘शब्दांचं आकलन वयाच्या मानाने अत्यंत कमी’ असं वाक्य आलं, आणि त्यावर शिक्का बसला.

पुढच्या आठवड्यात मी वर्गात बसून बघितलं. चाचणीतली चित्रं शिकवायला वापरायची नसतात, त्याने चाचणी निकामी होते, म्हणून तशीच दुसरी चित्रं जमवली. पायाखाली आधार दिला, चारऐवजी दोनच चित्रं घेतली आणि उतरत्या फळीवर एकमेकांपासून लांब लावली. बोटाने नाही, नजरेने दाखवायचं. मी प्रश्न विचारला आणि गप्प बसले. मनात आकडे मोजत होते. अकराव्या सेकंदाला तिची नजर योग्य चित्रावर जाऊन थांबली.

अकरा सेकंद किती मोठे असतात हे कुणाला तरी प्रश्न विचारून, गप्प राहून बघा. आपण दोन-तीन सेकंदांत तोच प्रश्न पुन्हा विचारतो. पुन्हा विचारला की तिची मान, डोळे, श्वास यांची सगळी जुळवाजुळव परत पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे इतकी वर्षं आम्हीच तिला मध्येच तोडत होतो. त्यात मीही आले.

चार दिवस रोज पाच, असे वीस प्रश्न झाले. सतरा बरोबर. दोन चित्रांत अंदाजाने दहा येतात, हे मला कळतं. आणि मला हवं तेच मी तिच्या नजरेत वाचेन, ही भीतीही मला होती. म्हणून एका सहकारी शिक्षिकेला समोरच्या कोपऱ्यात बसवलं. बरोबर उत्तर कोणतं हे तिला ऐकू येणार नाही अशी सोय केली. मुलीची नजर डावीकडे गेली की उजवीकडे, एवढंच तिने टिपायचं. वीसपैकी एकाच ठिकाणी आमच्या दोघींच्या नोंदी वेगळ्या निघाल्या.

हे सगळं दीड पानात आहे. तारीख, बसण्याची पद्धत, चित्रांची जोडी, लागलेले सेकंद, दोघींच्या खुणा. आपल्या परिपत्रकाप्रमाणे हे पान ‘अनौपचारिक साहित्य’ म्हणून बाजूला पडतं आणि पाच हा आकडा पुरावा ठरतो. त्या आकड्याने तिचं कोपर मोजलं होतं, शब्द नाहीत.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

वर्षातून एकदा घेतलेल्या चाचणीत आमच्या मुलांची वाढ दिसतच नाही, ही पहिली. एक मुलगा हात धुवायला शिकत होता. आम्ही त्या कामाचे नऊ टप्पे केले: नळ उघडणं, हात ओले करणं, साबण घेणं, तळवे चोळणं, हातांची मागची बाजू, बोटांच्या मधली जागा, धुणं, नळ बंद करणं, पुसणं. प्रत्येक टप्प्यापुढे रोज एक खूण. ‘शा’ म्हणजे हात धरून करून घेतलं, ‘स्प’ म्हणजे नुसता स्पर्श पुरला, ‘खू’ म्हणजे खूण केली, ‘तों’ म्हणजे तोंडी सांगितलं, ‘स्व’ म्हणजे स्वतः केलं. पहिल्या आठवड्याचं पान सगळं ‘शा’ने भरलेलं आहे. चार महिन्यांनंतरच्या पानावर पाच ‘स्व’, तीन ‘खू’ आणि एकच ‘शा’ आहे. तो बोटांच्या मधल्या जागेचा, तिथे तो अजून अडतो. वार्षिक चाचणीच्या सूचीत याबद्दल प्रश्न एकच होता: ‘स्वतंत्रपणे हात धुतो का?’ आधीच्या वर्षी उत्तर ‘नाही’, या वर्षीही ‘नाही’. त्याच्या आईने विचारलं, “ताई, म्हणजे काहीच नाही शिकला का तो?” मी वही उघडून तिच्यासमोर ठेवली. आपल्यासमोर ठेवायला परवानगी नाही.

याच तक्रारीचा थोडा तांत्रिक भाग आहे, पण तो समितीला कळलाच पाहिजे. बहुतेक बुद्धिमापन चाचण्यांत सरासरी १०० आणि प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती पसरलेले असतात त्याचं माप) १५ धरतात. प्रश्नांची दाटी सरासरीच्या आसपास असते, तळाकडे प्रश्न विरळ होत जातात. त्यामुळे एखादं मूल बरंच काही शिकलं तरी तळाच्या दोन प्रश्नांच्या मधल्या मोकळ्या जागेतच राहू शकतं. दुसरं असं की प्रमाणित गुण समवयस्कांशी तुलना करून काढलेले असतात. एखाद्या मुलाचे गुण गेल्या वर्षी ६२ होते आणि या वर्षीही ६२च आले, तर आपल्या तक्त्यात ‘प्रगती शून्य’ असं पडतं. प्रत्यक्षात समवयस्क वर्षभर पुढे सरकले आणि हे मूल त्यांच्या मागे आणखी न पडता सोबत सरकलं, म्हणून तर आकडा जागेवर राहिला. त्याला शून्य म्हणणं म्हणजे गणितच चुकवणं आहे.

गणितावरून आठवलं. दुसरी तक्रार अशी की गुण बघून उद्या काय शिकवायचं ते कळत नाही. वजाबाकीच्या दहा गणितांत एका मुलाला शून्य. कागद हातात घेऊन नुसता गुण बघितला तर वाटेल याला वजाबाकी येतच नाही, चला, पुन्हा एकम-दशमपासून. मी उत्तरं बघितली. ५२ वजा ३८, उत्तर २६. ७१ वजा ४५, उत्तर ३४. दहाच्या दहा ठिकाणी त्याने मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला होता, मग तो वर असो की खाली. म्हणजे वजाबाकीची तथ्यं पक्की, मांडणी नीट, रकाने बरोबर, फक्त हातचा घेण्याची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलेली नव्हती. दहा चुका नव्हत्या, एकच चूक दहा वेळा झाली होती. दहा-दहाच्या काड्यांचे गठ्ठे सोडवत तीन आठवड्यांत ते सुटलं. चुकांची तपासणी यालाच म्हणतात. त्याला लाल पेन आणि दहा मिनिटं लागतात.

तिसरी तक्रार वर्तनाबद्दल. ऑटिझम असलेला एक मुलगा स्वतःचं मनगट चावायचा. चाचणीच्या कागदावर ‘स्वतःला इजा करतो: होय’ एवढी टिकमार्क आली. आम्ही बारा दिवस तीन रकाने भरले: आधी काय घडलं, त्याने काय केलं, नंतर काय झालं. एकोणीस नोंदींपैकी सोळा ठिकाणी हातातलं काम न सांगता बदललं होतं. मग चित्रांचं वेळापत्रक भिंतीवर लावलं आणि काम बदलायच्या आधी ते चित्र स्वतः काढून डब्यात टाकायचं काम त्यालाच दिलं. चावणं पूर्ण थांबलं नाही, आठवड्यातून एक-दोनदावर आलं. टिकमार्क मात्र अजून तशीच आहे.

कर्णबधिर मुलाला बोलून घेतलेली चाचणी, दृष्टिहीन मुलासमोर चित्रांची पानं, असले प्रकार आता संपले असतील असं वाटतं. संपलेले नाहीत.

चौथी तक्रार मला सर्वांत जास्त सलते. तास गुणांना बांधले की कात्री दोन्ही बाजूंनी चालते. गुण वाढले तर ‘आता गरज कमी’ म्हणून तास कमी. वाढले नाहीत तर ‘फायदा दिसत नाही’ म्हणून तास कमी. कुठल्या निकालावर तास वाढतात, ते मी परिपत्रकात शोधलं. सापडलं नाही.

आपल्या परिपत्रकात ‘अनौपचारिक’ हा शब्द ‘ऐकीव’ किंवा ‘मनाला येईल तसं’ अशा अर्थाने आलाय. दोष शब्दाचाच असावा. आमच्या कामात त्याचा अर्थ एवढाच की मुलाची तुलना इतर हजारो मुलांशी केलेली नाही. ते काय करतं, कोणत्या मदतीने करतं आणि गेल्या महिन्यापेक्षा काय वेगळं करतं, हे त्याच्या रोजच्या जागी बघितलंय. त्यालाही शिस्त असते. स्टॅन्ली डेनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनेसोटा विद्यापीठात विशेष शिक्षकांसाठीच एक पद्धत घडवली: मुलाने एक मिनिट मोठ्याने वाचायचं, बरोबर वाचलेले शब्द मोजायचे, ठरावीक दिवसांनी पुन्हा मोजायचे आणि आलेखावर ठिपका द्यायचा. मी तीन उतारे घेते आणि मधला आकडा धरते, म्हणजे एखादा सोपा किंवा अवघड उतारा घोळ घालत नाही. न्यूझीलंडच्या वाचनतज्ज्ञ मेरी क्ले यांनी शिकवलेल्या नोंदीत मूल वाचत असताना शब्दागणिक खूण करायची असते, आणि त्याने स्वतःची चूक स्वतः सुधारली तर त्याची वेगळी खूण. ही वेगळी खूण मला फार आवडते. कुठल्याही गुणपत्रिकेत तिला रकाना नसतो.

चाचणी या प्रकाराचा जन्मच आठवून पाहा. १९०४ मध्ये फ्रान्समध्ये सरकारी आयोग नेमला गेला, आणि ज्या मुलांना वर्गात वेगळ्या मदतीची गरज आहे ती ओळखण्यासाठी आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ मध्ये तीस प्रश्नांची मालिका केली. त्याच वेळी त्यांनी मुलाकडे बघण्याच्या तीन वाटा सांगितल्या होत्या: वैद्यकीय, शैक्षणिक आणि मानसशास्त्रीय. शंभराहून जास्त वर्षांनी आपण त्यातली मधली वाट बंद करायला निघालो आहोत.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव वायगॉट्स्की १९३४ मध्ये गेले. दिव्यांग मुलांसोबत त्यांनी बरंच काम केलं होतं. त्यांनी दिलेलं उदाहरण सरळ आहे: दोन मुलं एकट्याने आठ वर्षांच्या पातळीची उत्तरं देतात, पण थोडी मदत केली की एक नऊच्या पातळीपर्यंत जातं, दुसरं बारापर्यंत. ही दोन मुलं सारखी आहेत का? चाचणीच्या वेळी मदत करायला बंदी असते, त्यामुळे हा फरक तिथे कळायचा मार्गच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणातही माणूस ठरावीक परिस्थितीत काय करू शकतो आणि स्वतःच्या रोजच्या परिस्थितीत प्रत्यक्ष काय करतो, या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या आहेत. आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या कराराचं कलम २४ प्रत्येकाच्या गरजेनुसार वैयक्तिक मदत द्यायला सांगतं. गरज कळण्यासाठी आधी त्या एकाकडे बघावं लागतं.

आता आमची बाजूही सांगते, नाहीतर हे पत्र प्रामाणिक होणार नाही. आपल्याला वह्यांबद्दल अविश्वास का वाटला, ते मला ठाऊक आहे. ‘प्रगती समाधानकारक’ हे वाक्य आम्ही किती मुलांच्या किती महिन्यांपुढे लिहिलंय, त्याची मोजदाद नाही. तपासणीच्या आदल्या संध्याकाळी तीन महिन्यांच्या नोंदी एका बैठकीत, एकाच पेनने लिहिल्या गेल्यात. सुरुवातीच्या वर्षांत मीही लिहिल्या आहेत. ‘हट्टी आहे’, ‘लक्ष देत नाही’, ‘आज मूड नव्हता’, या काही नोंदी नव्हेत, ही आमची मतं. लाडक्या मुलाला ‘स्व’ची खूण जरा लवकर मिळते, हेही खरं आहे. पण हिशेब कच्चे निघाले म्हणून कुणी वहीखातं बंद करत नाही, हिशेब नीट लिहायला शिकवतात. चोवीस मुलांमागे एक शिक्षिका, दिवसभरात नोंदीसाठी पाच मिनिटं नाहीत आणि प्रशिक्षण म्हणून एका दुपारचं भाषण, एवढ्यावर याहून चांगल्या वह्या निघणार नाहीत.

म्हणून आमच्या मागण्या अशा आहेत.

१. परिपत्रकातला ‘फक्त’ हा शब्द आणि ‘अनौपचारिक साहित्य जोडू नये’ हे वाक्य काढावं. वार्षिक अहवालात चाचणीच्या गुणांबरोबर वर्गातल्या नोंदी, कामाचे तारीखवार नमुने आणि पालकांनी घरी केलेली निरीक्षणं असावीत.

२. केवळ गुणांच्या आधारे कुणाचेही तास कमी करू नयेत. कमी करायचेच असतील तर कारण लेखी द्यावं, आणि पालक व वर्गशिक्षक समोर असलेल्या बैठकीत द्यावं. या वर्षीचे तास हा प्रश्न सुटेपर्यंत आहेत तसे ठेवावेत.

३. वैयक्तिक शिक्षण आराखड्यातलं (त्या एका मुलासाठी आखलेल्या योजनेतलं) प्रत्येक उद्दिष्ट मोजता येईल असं लिहिणं सक्तीचं करावं. ‘संवाद सुधारेल’ असलं उद्दिष्ट परत पाठवावं. ‘दोन वस्तूंतून हवी ती नजरेने दाखवेल, दहापैकी आठ वेळा, पंधरा सेकंदांच्या आत’ असं आलं तर स्वीकारावं. ही सक्ती आमच्यावर करा, आम्ही मागतो आहोत.

४. रोज वीस मिनिटं नोंदीसाठी वेळापत्रकातच राखून ठेवावीत.

५. महिन्यातून एकदा दुसऱ्या शिक्षकाने त्याच मुलाचं त्याच वेळी स्वतंत्र निरीक्षण करावं आणि दोन्ही नोंदी जोडाव्यात. वह्यांवर विश्वास ठेवा असं आम्ही म्हणत नाही, त्या तपासून घ्या एवढंच म्हणतो.

६. चाचणी घेताना मुलाची बसण्याची जागा, संवाद फलक (न बोलणारं मूल ज्यावरची चित्रं-शब्द दाखवून बोलतं तो), सांकेतिक भाषा, लागणारा वेळ यांत काय बदल केले किंवा करता आले नाहीत, हे परीक्षकाने अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहावं. मुलाला उत्तर देता येण्याजोगी सोय नसेल तर गुण लिहूच नयेत.

शेवटच्या मागणीला खर्च जवळजवळ काहीच नाही, ती उद्यापासून लागू करता येईल.

त्या मुलीच्या समोर आता चारही चित्रं ठेवतो. परवाच्या नोंदीत सहा सेकंद आहेत, एका जागी नऊ. या वर्षीची चाचणी पुढच्या महिन्यात आहे. पान तेच, चित्रं दोन वर, दोन खाली. खुर्चीचा हात मी काढून ठेवायला सांगितलंय. परीक्षक म्हणाले, “नियमात बसतं का ते विचारून सांगतो.” त्यांनी ते आपल्यालाच विचारलेलं असणार. निदान तेवढं उत्तर चाचणीच्या आधी द्यावं.

सोबत तीन वह्यांतली निवडक पानं जोडली आहेत. मुलांची नावं झाकली आहेत आणि पालकांची लेखी संमती घेतली आहे.

आपली,
एक विशेष शिक्षिका